फ्लॅश कार्ट : हँडहेल्डवर होमब्रू आणि आपल्याच गेमचे बॅकअप

कवडसा

फ्लॅश कार्ट म्हणजे निन्टेन्डोच्या गेम बॉयसारख्या हँडहेल्डच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राच्या, खाचेत बसणारी आणि एसडी कार्डावरचे गेम चालवणारी कार्ट्रिज. तिच्याबद्दल विचारणारे बहुतेक जण "किती गेम मावतात" इथूनच सुरुवात करतात. मला तो प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो. साधं एसडी कार्ड लावलं तरी मूळ गेम बॉयसाठी निघालेलं सगळं त्यात मावून वर जागा उरते. खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. आपण किंवा दुसऱ्या कुणी हौसेनं लिहिलेला प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर चालवणं, म्हणजे होमब्रू. आणि आपल्या मालकीच्या कार्ट्रिज कपाटात सुखरूप ठेवून तेच गेम खेळत राहणं, म्हणजे बॅकअप.

बॅकअपबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आधी सेव्ह (तुमच्या खेळाची प्रगती) काढा, मग रॉम (गेमचा प्रोग्रॅम). रॉम कारखान्यात छापलेली असते. त्या आवृत्तीच्या प्रत्येक कार्ट्रिजमध्ये तीच, बिट न बिट. तुमची कार्ट्रिज उद्या खराब झाली तरी त्याच गेमच्या इतर कार्ट्रिज जगात आहेत. तुमची सेव्ह मात्र दुसरीकडे कुठेही नाही. शाळेत असताना सुट्टीभर खेळून जमवलेलं सगळं त्या एका चिपमध्ये आहे.

गेम बॉयच्या काळात सेव्ह एसरॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच माहिती धरणाऱ्या मेमरीत राहायची आणि एसरॅम एका बटण-बॅटरीवर जगायची. बॅटरी संपली की सेव्ह गेली. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर जपानमध्ये १९९९ साली आले. त्यांच्यात त्याच बॅटरीवर घड्याळही चालतं, म्हणून ती आणखी लवकर संपते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर प्रकार बदलला. काही गेम एसरॅम वापरतात, काही ईईप्रॉम, काही फ्लॅश. या शेवटच्या दोन्हींना माहिती टिकवायला बॅटरी लागत नाही. पोकेमॉन रूबी आणि सफायरमध्ये सेव्ह १२८ केबीच्या फ्लॅश चिपमध्ये असते आणि बॅटरी फक्त घड्याळासाठी. तिथे बॅटरी संपली तर गेम सुरू होताना तसं सांगतो, वेळेवर चालणाऱ्या घडामोडी थांबतात, पण सेव्ह शाबूत राहते. आपली कार्ट्रिज यातल्या कोणत्या प्रकारची आहे हे नक्की कळल्याशिवाय बॅटरी बदलायला सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नका.

ज्यांनी यात हात घातलाय त्यांनी आपापलं सांगावं.

मोरपीस

अगदी वेळेवर आलात. माझ्याकडे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आहे आणि लहानपणच्या काही कार्ट्रिज, त्यात रूबीही आहे. फ्लॅश कार्ट घ्यायचं ठरवलंय. पण एक कळत नाही. फ्लॅश कार्ट घेतली की तिच्यातूनच जुन्या कार्ट्रिजची सेव्ह निघते का? एसपीला खाच एकच. एक घातली की दुसरी बाहेर.

खटपट्या

मोरपीस, एसपीवर ते जमत नाही, कारण तुम्हीच सांगितलंत. दोन रस्ते आहेत.

पहिला, यूएसबीवर चालणारा कार्ट्रिज रीडर. गेम बॉय आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही वाचणारे रीडर मिळतात. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हा त्यातला जुनाजाणता, आणि फ्लॅशजीबीएक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्याच्यासोबत चालतं. ज्यांना स्वतः जोडाजोडी आवडते त्यांच्यासाठी सान्नीचा कार्ट रीडर आहे, त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे.

दुसरा रस्ता निन्टेन्डोचाच नंतरचा हँडहेल्ड, जुना डीएस किंवा डीएस लाइट. त्याला दोन खाचा. खालच्या मोठ्या खाचेत तुमची अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिज, वरच्या छोट्या खाचेत डीएसचं फ्लॅश कार्ड, आणि त्यावर डंप, म्हणजे कार्ट्रिजमधल्या माहितीची फाइल काढणारा होमब्रू प्रोग्रॅम. रॉम आणि सेव्ह दोन्ही थेट मायक्रोएसडीवर उतरतात. डीएसआयमध्ये मोठी खाच काढून टाकली, त्यामुळे तिथे हे होणार नाही.

कोणताही रस्ता घ्या, दोन गोष्टी सोडू नका. कार्ट्रिजचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, पूर्ण वाळल्यावरच वाचा. आणि प्रत्येक फाइल दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळवून पाहा. रॉमचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) नो-इंट्रो या प्रकल्पाच्या अचूक डंपच्या यादीशी जुळवता येतो. सेव्हसाठी अशी यादी असूच शकत नाही, म्हणून दोनदा वाचणं हाच पुरावा.

रातकिडा

माझा प्रश्न वेगळा. अ‍ॅडव्हान्सच्या फ्लॅश कार्टवर मोठा गेम निवडला की तो लोड व्हायला वेळ लागतो. डीएसच्या कार्डवर त्याहून कितीतरी मोठा गेम झटकन सुरू होतो. एसडी कार्ड तेच, मग असं का?

कवडसा

याचं उत्तर कळलं की फ्लॅश कार्ट विकत घेताना काय बघायचं तेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅडव्हान्सच्या दृष्टीनं कार्ट्रिज ही मेमरीच आहे. प्रोसेसरच्या पत्त्यांमध्ये कार्ट्रिजसाठी ३२ एमबीची खिडकी राखून ठेवलेली आहे. १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम७ प्रोसेसर तिथून वाटेल तो पत्ता मागतो आणि काही क्लॉकच्या आत त्याला १६ बिट हातात हवे असतात. प्रोग्रॅमच्या सूचनासुद्धा तिथूनच एकेक उचलल्या जातात. यंत्राची स्वतःची मेमरी २५६ केबी अधिक ३२ केबी एवढीच, त्यामुळे गेम आधी आत ओढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. एसडी कार्ड अशा वेगानं उत्तर देऊच शकत नाही. त्याला विनंती पोचणार, मग ते ५१२ बाइटचा अख्खा ठोकळा पाठवणार. म्हणून फ्लॅश कार्ट आधी सगळी रॉम एसडीवरून स्वतःच्या वेगवान मेमरीत उतरवून घेते. तुम्हाला दिसणारा तो वेळ म्हणजे ही उतरवणी.

ही आतली मेमरी कोणती, यावर कार्टचा दर्जा ठरतो. सुरुवातीच्या काही कार्टमध्ये संथ मेमरी होती, आणि तिच्यावर काही गेम अडखळत चालायचे. ईझी-फ्लॅश ओमेगा ही कार्ट पीएसरॅम (वीज गेली की पुसली जाणारी) आणि नॉर फ्लॅश (विजेशिवाय टिकणारी) या दोन्ही मेमरी देते. नॉरमध्ये लिहायला वेळ जातो, पण एकदा लिहिलेला गेम बंद-चालू केल्यावरही तिथेच राहतो, पुन्हा उतरवावा लागत नाही. रोज एकच गेम खेळणाऱ्याला नॉर सोयीचं.

डीएसची गोष्ट मुळातच वेगळी. त्याची कार्डं मेमरीसारखी वाचली जात नाहीत. यंत्र आठ बाइटची आज्ञा पाठवतं आणि कार्ड ठोकळ्यानं माहिती परत देतं. प्रोग्रॅम आधी ४ एमबीच्या मुख्य मेमरीत येतो आणि तिथून चालतो, बाकीचं लागेल तसं मागवलं जातं. एसडी कार्डाचा स्वभावही असाच, म्हणून जोडी जमते. डीएसवर म्हणूनच एसडी कार्डाच्या दर्जाचा फरक जाणवतो. संथ कार्ड असेल तर गेममधले व्हिडिओ अडखळतात. अ‍ॅडव्हान्सवर एकदा लोड झालं की एसडी कार्ड कसंही असो, फरक पडत नाही.

मूळ गेम बॉयबद्दल थोडक्यात: तिथे ३२ केबीचीच खिडकी आणि मोठ्या गेमसाठी कार्ट्रिजमध्ये एमबीसी नावाची पानं बदलणारी चिप. एमबीसी१, घड्याळवाली एमबीसी३, ८ एमबीपर्यंत जाणारी एमबीसी५ असे प्रकार आहेत. फ्लॅश कार्टमधली एफपीजीए (आतली रचना बदलता येणारी चिप) गेमच्या हेडरवरून, म्हणजे रॉमच्या सुरुवातीला असलेल्या माहितीवरून ओळखून त्या-त्या चिपचं रूप घेते.

रातकिडा

आता उलगडलं. एसडी कार्डाबद्दल माझ्याकडून: फॅट३२ या पद्धतीत ३२ केबीचे क्लस्टर (साठवणीचे कप्पे) ठेवून फॉरमॅट करा, कार्टमधल्या जुन्या फर्मवेअरना (आतल्या प्रोग्रॅमना) एक्सफॅट ही नवी पद्धत समजत नाही. आणि नवं कार्ड आलं की आधी संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून त्याची खरी क्षमता तपासा. बनावट कार्डं क्षमता फुगवून सांगतात. सेव्ह नीट लिहिली गेली असं दिसतं आणि नंतर उघडायला गेलं की आत कचरा.

पाटीपेन्सिल

बॅकअपची चर्चा छान चाललीय, पण मी होमब्रूकडे वळवते, कारण मी अ‍ॅडव्हान्ससाठी छोटे गेम लिहिते आणि फ्लॅश कार्टशिवाय ते काम अर्धवट आहे असं माझं ठाम मत आहे.

एमजीबीए हा इम्युलेटर (संगणकावर या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) फार चांगला आहे, माझं नव्वद टक्के काम त्यावरच होतं. तरी काही गोष्टी खऱ्या यंत्रावरच कळतात. सर्वांत मोठी गोष्ट रंगांची. मूळ अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला मागून प्रकाश नव्हता. संगणकाच्या पडद्यावर खुलून दिसणारी रात्रीची जंगलं तिथे काळी पाटी होऊन जातात. त्या काळचे कितीतरी गेम इम्युलेटरमध्ये भडक दिसतात ते याचमुळे, कलाकारांनी अंधाऱ्या पडद्यासाठी रंग उजळवले होते. मी आता प्रत्येक रंगसंच खऱ्या यंत्रावर बघितल्याशिवाय पक्का करत नाही.

दुसरं, मेमरीचे वेग. ३२ केबीची आतली मेमरी ३२ बिट रुंद आणि बिनथांब्याची. २५६ केबीवाली १६ बिट रुंद आणि थांबे घेणारी. कार्ट्रिजही १६ बिटच. म्हणून कार्ट्रिजमधून चालणारा कोड १६ बिटच्या थंब सूचनांत आणि जिथे वेग लागतो तेवढाच भाग आतल्या ३२ केबीत ३२ बिटच्या एआरएम सूचनांत, हा जुना शिरस्ता आहे. इम्युलेटर हे वेग बऱ्यापैकी पाळतो, पण शेवटचा शब्द यंत्राचाच.

तिसरं, सुरुवातीच्या मेमरीतला कचरा. वीज चालू झाली तेव्हा मेमरीत शून्यं असतील असं धरून लिहिलेला प्रोग्रॅम इम्युलेटरवर बिनबोभाट चालेल आणि यंत्रावर कधी चालेल, कधी नाही. व्हिडिओ मेमरीत एकटा बाइट लिहायला गेलात तर यंत्र तो शेजारच्या बाइटमध्येही लिहितं, हेही नवख्यांना हमखास चकवतं.

मूळ गेम बॉयवर लिहिणाऱ्यांना तर आणखी जपावं लागतं. पडदा रंगवला जात असताना व्हिडिओ मेमरीत लिहिलेलं वाया जातं. स्प्राइटची (पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची) माहिती प्रोसेसरशिवाय हलवणारा डीएमए सुमारे १६० मायक्रोसेकंद चालतो आणि तेवढा वेळ तुमचा कोड हायरॅम नावाच्या छोट्या आतल्या मेमरीत बसून वाट बघत असायला हवा. ढिसाळ इम्युलेटर या दोन्ही चुका पोटात घालतात.

हेडरचंही सांगते. गेम बॉय सुरू होताना कार्ट्रिजमधला ४८ बाइटचा लोगो तपासतो, अ‍ॅडव्हान्स १५६ बाइटचा, आणि सोबत चेकसम. जुळलं नाही तर पुढे जात नाही. आरजीबीफिक्स किंवा जीबीएफिक्स ही साधनं ते भरून देतात. पण फ्लॅश कार्टच्या मेन्यूतून गेम सुरू केला की ही तपासणी टळू शकते, कारण यंत्र आधीच कार्टवरून सुरू झालेलं असतं. गेम खऱ्या कार्ट्रिजवर छापून द्यायचा असेल तर फ्लॅश कार्टवर चालला एवढ्यावर विसंबू नका.

मोरपीस

पाटीपेन्सिलताई, मला कोड लिहिता येत नाही, पण गेम करून बघायची फार इच्छा आहे. माझ्यासारखीला काही मार्ग?

पाटीपेन्सिल

आहे की! जीबी स्टुडिओ घ्या. २०१९ पासून आहे, मुक्त आहे, आणि कोडची एक ओळ न लिहिता गेम बॉयची खरीखुरी रॉम बनवून देतो. तुमच्या एसपीवर गेम बॉयच्या कार्ट्रिजही चालतात, त्यामुळे ती रॉम गेम बॉयच्या फ्लॅश कार्टवर टाकून तिथेच खेळता येईल. कोड शिकावासा वाटला तर गेम बॉयसाठी जीबीडीके-२०२० आणि अ‍ॅडव्हान्ससाठी डेव्हकिटप्रो हे साधनसंच आहेत. अ‍ॅडव्हान्ससाठी टॉन्क नावाची मोफत शिकवणी आहे. तिच्याइतकं सोपं आणि खोल लेखन मी दुसरं वाचलेलं नाही.

फ्लॅश कार्ट यायला वेळ असेल तर अ‍ॅडव्हान्समध्ये मल्टीबूट नावाची सोय मुळातच आहे. लिंक केबलवरून २५६ केबीपर्यंतचा प्रोग्रॅम थेट यंत्राच्या मेमरीत पाठवता येतो, कार्ट्रिज नसली तरी. छोट्या गेमची चाचणी त्यावर मजेत होते.

अनवट

सगळं वाचतोय. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. ही वस्तू कायद्याच्या दृष्टीनं सगळीकडे सारखी नाही. २००९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं डीएसच्या आर४ प्रकारच्या फ्लॅश कार्डांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. २०१० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं ती विकणं बेकायदा ठरवलं, आणि "होमब्रूसाठीही उपयोग होतो" एवढं म्हणणं बचाव म्हणून पुरेसं नाही असं म्हटलं. उलट २०१४ मध्ये युरोपियन न्यायालयानं निन्टेन्डो आणि पीसी बॉक्सच्या खटल्यात सांगितलं की सुरक्षेचे उपाय प्रमाणात असले पाहिजेत आणि अशी साधनं प्रत्यक्षात कशासाठी वापरली जातात हे पाहिलं पाहिजे. आपापल्या देशातला नियम वाचूनच पुढे जा. आणि "बॅकअप" हा शब्द न घेतलेल्या गेमवर पांघरूण म्हणून वापरला जातो, ते मला अजिबात मान्य नाही.

खटपट्या

अनवट, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. मी फक्त स्वतःच्या कार्ट्रिजचे डंप ठेवतो. पण पुन्हा लिहिता येणारी कार्ट्रिज ही कल्पनाच चोरांची, असं कुणी समजू नये. खुद्द निन्टेन्डोनं जपानमध्ये ती विकली आहे. निन्टेन्डो पॉवर नावाची सेवा १९९७ मध्ये सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी सुरू झाली, २००० मध्ये गेम बॉयसाठी. लॉसनच्या दुकानातल्या यंत्रावर रिकामी फ्लॅश कार्ट्रिज घेऊन जायचं आणि त्यावर हवा तो गेम भरून घ्यायचा. गेम बॉयच्या त्या कार्ट्रिजमध्ये १ एमबी फ्लॅश होती. त्याच २००० साली बांदाईच्या वंडरस्वान या हँडहेल्डसाठी क्यूट कंपनीनं वंडरविच काढलं, हौशी प्रोग्रॅमरांनी स्वतःचे गेम लिहून त्याच यंत्रावर चालवावेत म्हणून अधिकृतपणे विकलेला संच. म्हणजे होमब्रूला परवानगी देऊनही हँडहेल्डचा धंदा बुडत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. बाकीच्या कंपन्यांनी तो मार्ग पुढे नेला असता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

रातकिडा

आर४चा विषय निघालाच आहे तर एक सूचना. मूळ आर४ बंद पडल्यावर त्याच नावाची असंख्य नक्कल कार्डं आली. त्यातल्या अनेकांच्या कर्नलमध्ये (कार्डावरच्या मेन्यूच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) तारखेचा फास आहे. ठरावीक तारीख उलटली की गेम उघडणं बंद. कार्ड बिघडलं असं वाटून लोक नवं घेतात, आणि तोच उद्देश असावा. कार्ड बहुधा ठणठणीत असतं. डीएसचं घड्याळ मागे नेऊन पाहा. गेम उघडला तर फासच आहे. मग त्या कार्डावर वायएसमेन्यू किंवा ट्वायलाइट मेन्यू प्लस प्लस हा पर्यायी मेन्यू बसवा आणि मूळ कर्नलला रामराम करा. आधी एसडी कार्डावरच्या सेव्ह संगणकावर उतरवून घ्या, हे वेगळं सांगायला नकोच.

खटपट्या

त्याला जोडून: डीएसआय किंवा थ्रीडीएस असेल तर फ्लॅश कार्ड घेण्याआधी विचार करा. त्या यंत्रांना स्वतःची एसडी खाच आहे आणि एनडीएस-बूटस्ट्रॅप या होमब्रू प्रोग्रॅममुळे डीएसचे गेम त्यावरूनच चालतात. फ्लॅश कार्डाची खरी गरज मूळ डीएस आणि डीएस लाइटला.

थ्रीडीएसवर मात्र डीएसच्या फ्लॅश कार्डाचा एक भन्नाट उपयोग आहे, एनटीआरबूट. यंत्राच्या बूटरॉममध्ये (चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, चिपमध्ये कायम कोरलेल्या प्रोग्रॅममध्ये) कारखान्यातल्या दुरुस्तीसाठी ठेवलेली सोय आहे. झाकण बंद आहे असं यंत्राला वाटत असताना स्टार्ट, सिलेक्ट आणि एक्स दाबून चालू केलं की ते कार्ट्रिजवरून सुरू व्हायला बघतं. कोड अधिकृत असल्याची डिजिटल स्वाक्षरी तपासण्यातल्या त्रुटीमुळे आपला कोड तिथे चालतो. झाकण उघडं ठेवून ते बंद असल्याचं भासवायला लोहचुंबक लावतात. बूटरॉम अपडेटनं बदलत नाही, म्हणून सिस्टीमची आवृत्ती कोणतीही असो, हा मार्ग खुला राहतो. बंद पडलेली यंत्रं यानं परत उभी राहिली आहेत. त्यानंतर गॉडमोड९ या फाइल हाताळणाऱ्या होमब्रू प्रोग्रॅममधून स्वतःच्या डीएस आणि थ्रीडीएस कार्ट्रिजचे डंपही काढता येतात.

अनवट

आणि काही गेम फ्लॅश कार्टवर पूर्ण उतरत नाहीत हेही नोंदवून ठेवतो. बोक्ताईच्या कार्ट्रिजमध्ये सूर्यप्रकाश मोजणारा सेन्सर आहे, वारिओवेअर ट्विस्टेडमध्ये यंत्राचं फिरणं मोजणारा जायरो, गेम बॉय कलरवरच्या कर्बी टिल्ट अँड टम्बलमध्ये कल मोजणारी चिप. रॉमचा डंप निघतो, सेन्सरचा नाही. या कार्ट्रिज जपायच्या त्या मूळ रूपातच.

मोरपीस

रीडर आला, फ्लॅश कार्टही आली. संपर्क पुसले, रूबीची सेव्ह दोनदा वाचली, दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या. फाइलला रॉमचंच नाव देऊन सेव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली. पण गेम सुरू केला तर म्हणतो, सेव्ह फाइल खराब आहे, आधीची सेव्ह लोड करतो. आणि खरंच जरा आधीच्या ठिकाणी उघडतो. मूळ कार्ट्रिज एसपीमध्ये घातली तर तिथे सगळं व्यवस्थित आहे. वाचन दोनदा जुळूनही असं का व्हावं?

खटपट्या

मूळ कार्ट्रिज व्यवस्थित आहे ना, मग घाबरू नका. फाइलचा आकार किती आहे तेवढा सांगा.

मोरपीस

६५,५३६ बाइट.

कवडसा

हाच घोळ. ती ६४ केबीची फाइल झाली, रूबीची सेव्ह १२८ केबीची असते, म्हणजे १,३१,०७२ बाइट. सॉफ्टवेअरनं चिपचा प्रकार आपोआप ओळखताना लहान धरला. दोन्ही वेळा तोच अर्धा भाग वाचला गेला, म्हणून प्रती जुळल्या.

आधीची सेव्ह का उघडते तेही यातच आहे. हे गेम दोन जागा ठेवतात आणि आलटून पालटून लिहितात, म्हणजे लिहिताना वीज गेली तरी एक प्रत वाचते. प्रत्येक जागा ४ केबीच्या १४ तुकड्यांची, एकूण ५६ केबी. पहिली जागा तुमच्या ६४ केबीत पूर्ण आली. दुसरीचे जेमतेम दोन तुकडे आले. तुमची शेवटची सेव्ह दुसऱ्या जागेत होती, ती अर्धवट दिसल्यावर गेमनं पहिलीवर समाधान मानलं.

सॉफ्टवेअरमध्ये सेव्हचा प्रकार आपोआप न ठेवता हातानं फ्लॅश, १२८ केबी असा निवडा आणि पुन्हा दोनदा वाचा. फ्लॅश कार्टच्या मेन्यूतही त्या गेमसाठी तोच प्रकार लागलाय ना ते बघा. तोवर मूळ कार्ट्रिजवर काहीही लिहू नका.

मोरपीस

झालं! १,३१,०७२ बाइट, दोन्ही प्रती सारख्या, आणि गेम बरोबर शेवटच्या ठिकाणी उघडला. सगळ्या पोकेमॉनना लहान बहिणीनं दिलेली नावंही जशीच्या तशी आहेत. आता बाकीच्या कार्ट्रिज घेते, गेम बॉयच्या बॅटरीवाल्या आधी.